अरुंद परसात छपरावरचे पाणी: मिरगापूर्वी करावयाची तयारी

रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या किनारपट्टीत वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो आणि जांभ्याची जमीन ते पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे परसबागेचे नियोजन करताना पाऊस किती होईल यापेक्षा आपल्याकडे साठा किती राहील हे आधी ठरवावे, आणि कुंड्यांची संख्या त्यावरून धरावी.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. 20 चौरस मीटरच्या पडवीवर दिवसभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर नासधूस वजा जाता साधारण 800 लिटर पाणी पन्हळीतून उतरते. म्हणजे 1,000 लिटरचा साठा आषाढात दीड दिवसात भरतो. सगळे छप्पर जोडण्याची धडपड म्हणूनच अनाठायी आहे, पडवीची एक बाजू पुरे.

घर आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) मध्ये जेमतेम तीन फूट जागा असेल, तर एका मोठ्या टाकीऐवजी 200 लिटरची पाच पिंपे ओळीने, एकाच पातळीवर ठेवून तळाशी तोटी असलेल्या नळीने एकमेकांना जोडावीत. भरलेल्या प्रत्येक पिंपाचे वजन 200 किलोच्या वर जाते आणि पावसात भिजलेली माती ते पेलत नाही, त्यामुळे जमीन चोपून त्यावर चिऱ्यांचे दोन थर द्यावेत. त्या उंचीमुळे तोटीखाली झारीही बसते. पिंपे गडद रंगाची घ्यावीत, कारण पांढऱ्यात शेवाळ लवकर धरते. रसायनांची जुनी पिंपे कितीही स्वस्त मिळाली तरी भाजीसाठी वापरू नयेत.

मिरग लागण्यापूर्वी कौलांवरचा पालापाचोळा काढून पन्हळीला दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतार द्यावा. पहिल्या सरींबरोबर धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. हे पाणी साठ्यात जाऊ नये म्हणून पन्हळीखाली, पिंपांकडे जाणाऱ्या फाट्याच्या खाली, चार इंची पाइप उभा सोडून त्याचे टोक झाकणाने बंद करावे. अशा एक मीटर पाइपात सुमारे 8 लिटर पाणी मावते, म्हणून वरील 20 चौरस मीटरच्या पडवीचे पहिले 20 लिटर अडवण्यासाठी अडीच मीटर लांबी ठेवावी. झाकणाला बारीक भोक पाडले म्हणजे पाइप आपोआप रिकामा होतो. जादा पाणी बाहेर काढणारा पाइप आत येणाऱ्याइतकाच जाड असावा, आणि ते पाणी जोत्याशी न सोडता माडाच्या आळ्यात न्यावे.

डासांकडे दुर्लक्ष करू नये. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. प्रत्येक तोंडाला, जादा पाण्याच्या पाइपालासुद्धा, बारीक जाळी घट्ट बांधावी.

दहा कुंड्यांना रोज प्रत्येकी एक लिटर दिले, तर 1,000 लिटर 100 दिवस चालते, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. कुंडीत सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) भुशाचे दोन बोटे आच्छादन घातल्यास मिरची, अबोली यांना थंडीत एक दिवसाआड पाणी भागते आणि साठा शिमग्याच्या सुमारास पोहोचू शकतो. केळीचा भार मात्र या साठ्यावर टाकू नये. खाडीकाठी विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, तेथे हे गोडे पाणी रोपवाटिकेसाठी राखून ठेवावे.

तळाचा गाळ ऑगस्टअखेर, पाऊस अजून भरवशाचा असताना, काढावा. त्या वेळी जोडनळ्यांच्या तोट्या बंद करून एकेक पिंप धुवावे, आणि ते पुन्हा भरल्यावरच पुढचे रिकामे करावे.