टक् करून उघडणारं झाकण: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या डबीचे चाळीस नमुने मी झाकणं लावून ऑफिसच्या कपाटात ठेवले होते. सात आठवड्यांनी काढले आणि एकेकाचा खटका दाबला. चाळीसपैकी एकतीस झाकणं जागची हलली नाहीत. खटका सुटत होता, हूक मोकळा होत होता, पण झाकण वर यायचं नावच घेत नव्हतं. नखाने उचलावं लागत होतं.

मुखवासाची डबी होती ती, साधारण ऐंशी ग्रॅम बडीशेप मावेल एवढी. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत नुकतीच ट्रेनीची डिझायनर झाले होते. वेगळी स्प्रिंग विकत घ्यायची, ती बसवायला दोन माणसं लावायची, हा खर्च वाचावा म्हणून मी झाकणाच्या आतूनच पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची एक पातळ जीभ काढली होती. झाकण दाबलं की जीभ वाकायची, खटका सोडला की सरळ व्हायची आणि झाकण टक् करून उघडायचं. मोल्डच्या, म्हणजे साच्याच्या, पहिल्या ट्रायलच्या दिवशी अख्ख्या ऑफिसने ते उघडून बघितलं. मी स्वतः दोनशे वेळा तरी उघडलं असेन.

आमच्या टूलरूमच्या, म्हणजे साचे बनतात त्या खोलीच्या, मेस्त्रींना आम्ही सगळे काका म्हणायचो. त्यांनी ती मेलेली झाकणं हातात घेतली आणि मला एवढंच विचारलं, "उघडताना तू दोनशे वेळा बघितलंस. बंद असताना ती काय करत होती, ते कुणी बघितलं?"

या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारते. हिशेब करून बघा. डबी कारखान्यात भरली जाते, गोदामात पडते, दुकानाच्या फळीवर काही महिने बसते, मग घरी येते. घरी दिवसातून दहा वेळा उघडली तरी उघडण्याचं काम काही सेकंदांचं. बाकी सगळा वेळ ती बंद असते, आणि बंद असताना स्प्रिंग दाबलेली असते. प्लॅस्टिक असं वाकवून धरून ठेवलं की त्यातला ताण हळूहळू ओसरतो, वाकलेला आकारच त्याला आपला वाटू लागतो. उष्णतेत हे आणखी झपाट्याने होतं. माझ्या जिभा ज्या कपाटात होत्या त्याच्या भिंतीवर दुपारचं ऊन यायचं आणि महिने होते एप्रिल-मे. पोलादाच्या स्प्रिंगचं नेहमीच्या तापमानाला असं जवळजवळ काहीच होत नाही.

म्हणून आता आमच्याकडे कुठलंही नवं झाकण आलं की पहिल्या दिवशीच काही नमुने बंद करून ५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये जातात आणि दर आठवड्याला त्यातले थोडे बाहेर येतात. उघडमिटीची मोजणी हजारो वेळा करणारं यंत्र आहेच, पण माझा जीव त्या ओव्हनमध्ये अडकलेला असतो.

स्प्रिंग कशाची, हा पहिला निर्णय. ओल्या वाइप्सच्या डब्यांवर रबरासारख्या मऊ पदार्थाची पट्टी असते, ती ताणली जाते आणि झाकण उचलते. काही ठिकाणी अ‍ॅसिटल नावाच्या प्लॅस्टिकची पाती वापरतात, पॉलिप्रॉपिलीनपेक्षा ती बरीच जास्त टिकते. आणि तिसरी, कपड्यांच्या चिमट्यात असते तशी तारेची टॉर्शन स्प्रिंग. माझी ती डबी शेवटी तारेच्या स्प्रिंगवरच गेली, आणि या कामातलं खरं गणित मी त्या स्प्रिंगवर शिकले.

झाकण १२ ग्रॅमचं होतं आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून २८ मिलिमीटरवर. म्हणजे आडवं असताना त्याचं वजन बिजागरीभोवती साधारण ३.३ न्यूटन-मिलिमीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. स्प्रिंगला याच्यावर मात करायची, शिवाय बिजागरीचं घर्षण आणि चिकटलेली कड सोडवायची. आम्ही बंद स्थितीत १२ च्या आसपास ठेवला. झाकण वर येतं तसा स्प्रिंगचा जोर कमी होतो, पण वजनाचा टॉर्कही कमी होतो आणि झाकण उभं झालं की शून्यावर येतो. दोन्ही सोबत उतरतात, त्यामुळे हे जमून जातं. मात्र पूर्ण उघड्या स्थितीतही स्प्रिंगमध्ये थोडा ताण शिल्लक हवा, नाहीतर झाकण लुळं पडतं.

आता तारेची जाडी. टॉर्शन स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण पटलं ते त्या दिवशी, जेव्हा स्प्रिंगवाल्याने ०.५ मिलिमीटरची तार नव्हती म्हणून ०.६ ची पाठवली. एक दशांश मिलिमीटरचा फरक, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. जोर दुपटीहून थोडा जास्तच झाला. खटका दाबला तसं झाकण मागच्या अडणीवर आपटलं आणि बडीशेपेचे दाणे टेबलभर उडाले. अर्धी रिकामी डबी तर सरळ मागे पालथी पडली. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक लॉटमधल्या पाच स्प्रिंगा मी मायक्रोमीटरने स्वतः मोजते.

याच स्प्रिंगची आणखी एक खोड ध्यानात ठेवा. गुंडाळीच्या दिशेने पिळली की तिचे वेटोळे आवळतात, आतला व्यास कमी होतो आणि लांबी वाढते. नवी मुलं मोकळ्या स्प्रिंगचा आतला व्यास मोजून तेवढ्याच मापाची पिन काढतात. मग झाकण बंद केलं की स्प्रिंग पिनेला करकचून धरते आणि सगळा जोर घर्षणात जातो. पिन पूर्ण पिळलेल्या स्थितीतल्या व्यासापेक्षा बारीक हवी, आणि बाजूला लांबीसाठीही जागा सोडायला हवी.

तार स्टेनलेसचीच घ्या. साध्या स्प्रिंग स्टीलची स्वस्त पडते, पण आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस. पावसाळा संपेपर्यंत बिजागरीशी तांबूस रेघ उमटते, आणि खाण्याच्या डबीत गंजाची रेघ दिसली तर ती डबी कुणी पुन्हा हातात घेत नाही. झाकण सावकाश उघडावं म्हणून बिजागरीत घट्ट सिलिकॉन ग्रीस भरायचा मोहही इथे आवरा. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ते शोभतं, बडीशेपेशेजारी नाही.

मोल्डकडे वळते. इथे टूलरूममध्ये जाऊन बसण्याला पर्याय नाही. पॉलिप्रॉपिलीन गार होताना एक ते अडीच टक्के आकसतं आणि साच्यातून बाहेर पडल्यावरही काही काळ आकसत राहतं. संध्याकाळच्या ट्रायलला झकास बसणारा खटका दुसऱ्या दिवशी सकाळी ढिला सापडतो. मशिनजवळ गरम झाकणावर व्हर्निअर लावून माप लिहू नका. चोवीस तास थांबा, मग मोजा. हूकाची पकड पहिल्या ट्रायलला मुद्दाम थोडी कमी ठेवा. साच्यातलं पोलाद खरवडून पकड वाढवता येते, पण जास्त खोदलेलं भरून काढायचं म्हणजे वेल्डिंग, पुन्हा मशिनिंग, पुन्हा पॉलिश आणि वाया गेलेला आठवडा. आणि हूक तुटतोय म्हणून तो जाड करायला धावू नका. त्याची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच वाकण्याला मुळाशी येणारा ताण चौथाईवर येतो. माझे तुटलेले बहुतेक हूक आखूड होते, बारीक नव्हते.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि ग्राहक याबद्दल क्वचितच आधी बोलतो. स्प्रिंग झाकणाला वर ढकलते आणि सील त्याला खाली दाबून मागतं. दोघांचं भांडण तो एवढासा खटका सोडवत असतो. बिजागरी मागे, खटका पुढे, म्हणजे मधल्या दोन्ही बाजूंना झाकण किंचित फुगतं आणि तिथूनच दमट हवा शिरते. जुलैत सादळलेली बडीशेप तोंडात टाकून बघा, त्या दोन बाजूंचं महत्त्व लगेच कळेल. झाकणाला आतून बरगड्या द्याव्या लागतात, सीलची कड एकसारखी दाबली जाते का ते पाहावं लागतं. आम्ही वाळवलेले सिलिका जेल भरून डबी बंद करतो, ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवतो आणि रोज वजन करतो. वजन जितकं वाढलं तितकं पाणी आत गेलं. साधा काटा आणि थोडा धीर, एवढ्यात डबीचं सगळं खरं बाहेर येतं.

दुसरी परीक्षा मी रोज प्रवासात घेते. नवी डबी पर्समध्ये टाकून सकाळी कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळे. गर्दीत कुणाची बॅग, कुणाचं कोपर त्या खटक्यावर येतंच. खटका पृष्ठभागाच्या वर आलेला असेल तर डबी पर्समध्ये उघडते. बोटाचं टोक आत जाईल एवढा खोलगट असेल तर टिकते. पण फार खोल केला तर आमच्या आईला उघडता येत नाही, तिची बोटं संधिवाताने वाकली आहेत. डबी एका हाताने, अंगठ्याने उघडावी म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. प्रत्येक नमुना तिच्या हातात जातो आणि तिने "घट्ट आहे गं" म्हटलं की मी ड्रॉइंग पुन्हा उघडते.

याच कारणासाठी हे झाकण औषधाच्या गोळ्यांना देऊ नये. एका ग्राहकाने तसं मागितलं होतं, आम्ही नाही म्हटलं. मुलांच्या हाती लागू नये अशा पॅकिंगसाठी आयएसओ ८३१७ हे वेगळं मानक आहे, त्यात ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांच्या हाती पॅकिंग देऊन बघतात. खाण्याच्या डबीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) २०१८ चे पॅकेजिंग नियम वाचा. पॉलिप्रॉपिलीनला आयएस १०९१० हे भारतीय मानक, आणि डबीतून अन्नात काही उतरतंय का ते बघायला आयएस ९८४५. तिथली मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. रंगाचा मास्टरबॅच, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये मिसळायचा रंग, बदलला तरी चाचणी पुन्हा करून घ्या.

शिक्षणाचं विचाराल तर मेकॅनिकल किंवा प्लॅस्टिक्सचा डिप्लोमा पुरतो. आयटीआयचा टूल अँड डाय मेकर ट्रेड केलेली मुलं माझ्यापेक्षा लवकर तयार होताना मी पाहिली आहेत, कारण त्यांना पोलाद हाताने माहीत असतं. पॅकेजिंगमध्येच राहायचं ठरलं असेल तर अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, १९६६ पासूनची. प्लॅस्टिक आणि साचे शिकायला छत्रपती संभाजीनगरला सिपेट या केंद्र सरकारी संस्थेचं केंद्र आहे. कॅड कुठेही शिकता येईल. थ्रीडी प्रिंटरवर मात्र फार विसंबू नका. हातात डबी कशी बसते, अंगठा कुठे पोचतो, हे प्रिंट सांगेल. हूक किती वेळा टिकेल आणि पातळ बिजागरी किती वेळा वाकेल, हे सांगणार नाही, कारण थरांनी बनलेली वस्तू मोल्डमधल्या वस्तूसारखी वागत नाही. आणि जुनी पेटंट वाचा. वीस वर्षांनी मुदत संपते, इंटरनेटवर फुकट आहेत, आणि खटक्यांच्या शेकडो युक्त्या चित्रांसकट तिथे पडून आहेत.

मी स्वतः सध्या पुन्हा त्या पहिल्या जिभेकडे वळले आहे. प्लॅस्टिकच्या झाकणात पोलादाची स्प्रिंग अडकली की ते रिसायकल करायला त्रास होतो, भंगारवालाही ते बाजूला टाकतो. अख्खी डबी एकाच प्लॅस्टिकची व्हावी असं मनात आहे. शांपूच्या बाटलीचं झाकण बघा: बंद असताना त्याच्या बिजागरीच्या पट्ट्यांवर जवळजवळ ताण नसतो, पूर्ण उघडल्यावरही नसतो, फक्त मधल्या प्रवासात त्या ताणल्या जातात आणि मध्य ओलांडला की झाकण आपोआप पलीकडे उडी मारतं. माझ्या नव्या डबीत खटका दाबल्यावर एक छोटी पाचर झाकणाला त्या मध्याच्या पलीकडे ढकलते, पुढचं काम पट्ट्या करतात. बंद असताना तिथे कुणीच दाबलेलं नाही. पट्टीची जाडी आत्ता ०.४ मिलिमीटर ठेवली आहे आणि वितळलेलं प्लॅस्टिक पट्टीला आडवं ओलांडून वाहावं म्हणून गेट, म्हणजे साच्यात ते शिरतं ते तोंड, डबीच्या बाजूला घेतलं आहे. पहिली ट्रायल झाली, साठ झाकणं निघाली, त्यातली तीस परवापासून ओव्हनमध्ये आहेत.