शिफारसपत्र अडलं होतं, ते असं सुटलं

शिष्यवृत्तीच्या अर्जाला दोन शिफारसपत्रं हवी होती. एक वेळेत आलं. दुसऱ्याचा मात्र मुदतीला ९ दिवस उरले तरी पत्ता नाही. सर "देतो की" म्हणायचे आणि मला वाटायचं, टाळतायत.

खरं कारण वेगळंच निघालं. पोर्टल शिफारस करणाऱ्याला परस्पर लिंक पाठवतं. ती सरांच्या स्पॅममध्ये पडून होती आणि ते बिचारे माझ्याकडून फॉर्म येईल म्हणून थांबले होते! पोर्टलवर पुन्हा आठवण पाठवायचं बटण होतं. ते दाबलं, लगेच फोन केला, लिंक सापडली.

पण लिहायचं काय? इतके विद्यार्थी हाताखालून जातात, त्यांना माझं काय आठवणार! मग एका पानावर लिहून दिलं: त्यांच्याकडे कोणता प्रकल्प केला, कुठे अडलो, मार्ग कसा काढला, शिष्यवृत्तीवाले नेमकं काय बघतात आणि शेवटची तारीख. सोबत बायोडेटा. गुण मुद्दाम लिहिले नाहीत, ते गुणपत्रिकेत असतातच. तिसऱ्या दिवशी पत्र अपलोड झालं.

पुढच्या अर्जाला दीड महिना आधीच विचारलं, तेही "माझ्याबद्दल सविस्तर लिहिता येईल का?" असं स्पष्ट. एका मॅडमनी सरळ नाही म्हटलं, त्यामुळे दुसऱ्या सरांना गाठायला वेळ मिळाला.