दहावीनंतरच्या सुट्टीत गावातल्या पोरांची पीयूसीची (अकरावी-बारावीची) तयारी कशी करून घ्यायची (कॉलेजची पोरं आणि माजी विद्यार्थ्यांसाठी)

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी शाळेतनं एसएसएलसी, म्हणजे दहावी, चांगल्या मार्कांनी पास झालेलं पोरगं जूनमध्ये पीयूसी सायन्सला जाऊन बसतं आणि महिन्याभरात गप्प होतं, कारण फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स सगळं इंग्लिशमधनं सुरू झालेलं असतं आणि दहावीपर्यंतचं सगळं येतंयच असं धरून वर्ग पुढं पळत असतो. पोराला विषय येत नाही असं नसतं, तेच त्यानं मराठीत शिकलेलं असतं, पण इंग्लिशमध्ये समोर आलं की ओळखू येत नाही. मग कुणी सायन्स सोडून देतं, कुणी कॉलेजच सोडतं. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये संपते आणि कॉलेज जूनमध्ये सुरू होतं, मधले दोनेक महिने रिकामे, आणि नेमकं तेवढ्यात गावातलीच डिग्री-इंजिनिअरिंगची पोरं आणि शाळेचे माजी विद्यार्थी मिळून एक वर्ग चालवू शकतात. गावासाठी काहीतरी करायचंय म्हणणाऱ्याला याच्यापेक्षा सरळ काम मला तरी दिसत नाही.

सुरुवात जानेवारी-फेब्रुवारीतच करायची. आधी माणसं बघा. चार-पाच जण पक्के पाहिजेत, एकट्यानं घेऊ नका, कारण तुमच्या सेमिस्टरच्या परीक्षा मधेच येतात आणि वर्ग एकदा बंद पडला की पोरं परत येत नाहीत. त्यात स्वतः मराठी शाळेतनं इंग्लिश पीयूसीला गेलेलं निदान एक जण असू दे, नेमकं कुठं अडतं ते त्याला सांगावं लागत नाही. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) असाल तर तिथं दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, प्रोग्राम ऑफिसर सरांना आधीच जाऊन विचारा, हे तास त्यात धरता येतील का म्हणून. आणि मुलींना नक्की घ्या. शक्ती योजनेमुळं जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, त्यामुळं शेजारच्या गावातनं शिकवायला येणाऱ्या ताईला तिकिटाचा खर्च पडत नाही, फक्त बसची वेळ बघून वर्गाची वेळ ठरवा.

जागा म्हणजे शाळेचीच खोली सगळ्यात बरी. हेडमास्तरांना आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या देखरेख समितीच्या) अध्यक्षांना भेटून एक साधा अर्ज द्यायचा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती वाजता, किल्ली कुणाकडं राहणार. शाळा नाही मिळाली तर देवळाचा मंडप किंवा ग्रामपंचायतीचं वाचनालय, त्यासाठी पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, भेटा. बॅनर लावू नका, उद्घाटनाला कुठल्या पक्षाचा माणूस बोलवू नका, आपल्या भागात कुठल्याही कामाला लगेच रंग चढतो आणि मग अर्धे पालक पोरं पाठवायची बंद करतात. कन्नड मीडियमची पोरं गावात असतील तर त्यांनाही बोलवा, त्यांची अडचण हीच आहे. वेळ सकाळची, साडेसात ते दहा. दुपारी ऊन, संध्याकाळी मे महिन्यात वळीव आला की करंट जातो, शिवाय जत्रा आणि लग्नं असतातच, जत्रेच्या दिवसांत सरळ सुट्टी द्या.

आता शिकवायचं काय. इथं बऱ्याच जणांची गाडी चुकते, ते थेट अकरावीचा पहिला धडा उघडतात. तसं करू नका. कर्नाटकात दहावीची सायन्स-मॅथ्सची पुस्तकं एनसीईआरटीचीच आहेत, मराठी मीडियमला त्याचंच भाषांतर असतं, म्हणजे तोच धडा, तीच आकृती, तेच गणित दोन्ही भाषांत मिळतं, आणि पीडीएफ फुकट आहेत. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवा, आधी मराठीतनं एक पान वाचायचं मग तेच पान इंग्लिशमध्ये. प्रकाशाचं परावर्तन पोराला येत असतं, आता रिफ्लेक्शन म्हणजे तेच हे त्याचं त्यालाच कळतं, तुम्ही काही वेगळं शिकवायला लागत नाही. प्रकाश, वीज, आम्ल-अल्कली आणि जीवनक्रिया एवढे धडे असे झाले तरी पुष्कळ झालं. मॅथ्समध्ये गणित सोडवायला नव्हे, प्रश्न वाचायला शिकवा. रोज शेवटची पंधरा मिनिटं प्रत्येकानं उभं राहून आज काय शिकलो ते मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगायचं, आणि कुणी हसायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्या.

आणि आपली आवड इथंच वापरायची. कुणाला क्रिकेटचं वेड असतं, कुणाला भजनाचं, कुणाला चित्रांचं, ते बाजूला ठेवून मास्तर व्हायचं काही कारण नाही. क्रिकेटवाल्यानं पोरांना मैदानावर न्यावं. पिच 22 यार्डांचं म्हणजे 20.12 मीटर, बॉल ताशी 72 किलोमीटरनं आला तर सेकंदाला 20 मीटर, म्हणजे बॅट्समनला साधारण एक सेकंद मिळतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून वेळ मोजा, आलेल्या वेळेवरनं आपल्या बॉलरचा वेग काढा, मग स्पीड, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन सगळं त्या एका ओव्हरमध्ये येतं. भजनात पखवाज वाजवणाऱ्यानं पुडी ताणली की सूर का चढतो ते दाखवावं, फ्रिक्वेन्सी तिथंच समजते. स्वयंपाकाची आवड असणाऱ्या ताईनं हळदीत चुना घालावा, हळद लाल झाली की बेस, आणि जास्वंदीच्या फुलाचं पाणी लिंबानं गुलाबी होतं, सोड्यानं हिरवं. नाटकवाल्यांचा तर फार उपयोग आहे, पोरांचं तोंड उघडायचं काम तेच करू शकतात, दोन पोरांना डॉक्टर आणि पेशंट करून इंग्लिशमध्ये बोलायला लावा. ज्याला जे मनापासून येतं ते शिकवताना तो थकत नाही आणि पोरांनाही ते लगेच जाणवतं.

पुण्याला, बेंगळूरला, गोव्याला असलेल्या माजी विद्यार्थ्यांचं म्हणाल तर स्नेहमेळाव्यात शाळेला घड्याळ, खुर्च्या, पाण्याचा फिल्टर दिला जातो, ते चांगलंच आहे, पण त्यांच्याकडं पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे ते याच वाटेनं गेलेत. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअप ग्रुप असतोच, तिथं पैसे मागायच्या आधी एक रविवार मागा. एक तास ऑनलाइन, आपण पीयूसीत कुठं अडलो, पुढं काय केलं, एवढंच बोलायचं. नर्स, आयटीआय झालेला, मिलिटरीतला, बँकेतला, सगळे बोलवा, नुसते इंजिनिअरच नकोत, कारण वर्गातली सगळी पोरं सायन्सला जाणार नाहीत आणि जाऊही नयेत. पैसे लागतातच, झेरॉक्स, वह्या, खडू, पण ते दोघांच्या नावावर ठेवा आणि दर आठवड्याला खर्चाचा फोटो ग्रुपवर टाका.

रिझल्ट लागला की एक दिवस फक्त कागदपत्रांसाठी ठेवा. नाडकचेरीतनं (महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसातनं) कास्ट-इन्कमचा दाखला, त्याच्यावरचा आरडी नंबर, आधारला जोडलेलं बँक खातं, हे नसलं तर राज्य सरकारच्या एसएसपी पोर्टलवर स्कॉलरशिपचा अर्ज अडकतो. ज्या पोरांचे आईवडील बाहेरगावी कामाला आहेत त्यांच्यासोबत तुमच्यातला एक जण स्वतः जाऊ दे.

जूनमध्ये वर्ग बंद करायचा नाही, रविवारी दोन तास चालू ठेवायचा, निदान ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत, कारण पोरं सोडून जातात ती याच दिवसांत. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत पावसात रस्ता नसतो आणि रेंजही नसते, त्या पोरांना मे महिन्यातच नोट्स झेरॉक्स करून द्या. वर्षभर एक वही ठेवा, कुठला धडा किती दिवस चालला, कोण मधनं येईनासं झालं, का झालं, आणि ती वही पुढच्या जानेवारीत नवीन पोरांच्या हातात द्या. त्या नवीन पोरांमध्ये आदल्या वर्षी वर्गात बसलेली दोघं-तिघं असतील असं बघा.