नाटकात करिअर करायचंय? मग या चुका टाळा

पुरुषोत्तम करंडकला, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत, एकांकिका गाजली, भरत नाट्य मंदिरात पोरांनी ओरडून ओरडून घसे बसवले आणि आठवड्याभरात घरी जाहीर केलं की मी इंजिनिअरिंग सोडतोय. ही सगळ्यात कॉमन चूक, माझ्या अगदी जवळच्या मित्राने केलेली. अरे त्या टाळ्या खऱ्याच असतात, पण समोर बसलेले अर्धे आपल्याच कॉलेजचे असतात ना. व्यावसायिक नाटकात पैसे मिळतात ते नाईटवर, म्हणजे प्रयोग लागला तर पैसे, नाही लागला तर त्या दिवशी काहीच नाही. म्हणून कॉलेज सोडायच्या आधी या लाईनमधल्या दोघा-तिघांना सरळ विचारा की मार्चमध्ये, परीक्षांच्या दिवसात, किती प्रयोग झाले आणि घरभाडं कसं भरलं.

दुसरं, नट डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण अर्धंच सांगू नका. "त्यांनी डॉक्टरकी सोडलीच ना!" सोडली, १९६९ ला, चाळिशी ओलांडल्यावर. त्याच्या आधी पुण्यात आणि आफ्रिकेत कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून काम केलेलं, आणि हौशी रंगभूमीवर कितीतरी वर्षं काढलेली. दिग्दर्शक जब्बार पटेल तर दौंडला लहान मुलांचे डॉक्टर होते, नट मोहन आगाशे पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजला मानसोपचार शिकवायचे, आणि दोघांचं नाटक चालूच होतं.

पण घरच्यांचं ऐकून नोकरी धरणारे पण चुकतात, आणि मला वाटतं जास्त चुकतात. फक्त पॅकेज बघतात. रात्री दहापर्यंत कॉल असणारी नोकरी घेतली की तालीम संपलीच, मग दोन वर्षांनी म्हणायचं नाटक सुटलं. दोन-पाच हजार कमी मिळाले तरी चालतील पण संध्याकाळ आपली पाहिजे, ऑफरच्या वेळीच शिफ्ट विचारून घ्या. पूर्वी बँकेतली कितीतरी माणसं नाटक करायची ती याच जोरावर.

आणि हो, नाटक म्हणजे फक्त अ‍ॅक्टिंग नाही, प्रकाशयोजना आणि नेपथ्य पण शिकून ठेवा.

आधीच नोकरीत अडकला असाल तर राजीनामा लिहायच्या आधी राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारा एखादा हौशी ग्रुप गाठा. तिथल्या तालमी बहुतेक रात्रीच असतात, कारण सगळेच दिवसा कुठेतरी कामाला असतात.