जीभ घासताना या चुका टाळा

"रोज जीभ घासतो, तरी तोंडाला वास येतोच!" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी क्लीनर कसा फिरवता ते करून दाखवायला सांगतो. बहुतेकांचा हात शेंड्यावर दोनदा फिरतो आणि थांबतो. शेंड्यावर फारसं काही साचतच नाही. बोलताना, चावताना, गिळताना जिभेचं टोक दातांवर आणि टाळूवर सतत घासलं जातं. मळ बसतो तो मागे.

कारण जिभेच्या पृष्ठभागातच आहे. आपण ज्यांना जिभेचे काटे म्हणतो, त्यातले बहुतेक धाग्यासारखे बारीक अंकुर असतात. त्यांना चव कळत नाही. काथ्याच्या पायपुसण्यासारखे ते दाट उभे असतात आणि टोकं घशाकडे कललेली असतात. गळालेल्या पेशी, अन्नाचे कण, लाळेतली प्रथिनं त्यांच्या बुडाशी अडकतात. मागच्या भागात घर्षण कमी, त्यामुळे थर जाड होतो. जाड थराच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू तिथेच मुक्काम ठोकतात. प्रथिनं कुजवून ते हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन सोडतात, वास त्याचाच. म्हणून क्लीनर जितका मागे नेववेल तितका न्यायचा आणि पुढे ओढायचा. मी जीभ पूर्ण बाहेर काढून, श्वास सोडत सोडत ओढतो. उबळ कमी येते.

दुसरी चूक जोर लावण्याची, आणि हिचा मला खरोखर राग येतो. एक गृहस्थ मोबाइलवर काहीबाही वाचून घाबरले होते. जिभेच्या मुळाशी गोल गाठींची रांग दिसली, कॅन्सरच असणार असं मनाने घेतलं आणि धारदार कडेच्या पट्टीने ते त्या रोज खरवडू लागले. खरवडल्या की सुजायच्या, सुजल्या की मोठ्या दिसायच्या, मग आणखी जोर. माझ्याकडे आले तेव्हा आमटीचा घोटही सोसत नव्हता. त्या गाठी म्हणजे तुमच्या-माझ्या जिभेवर व्ही आकारात असणारे ८ ते १२ मोठे अंकुर. प्रत्येकाभोवती खाच असते आणि त्या खाचेच्या भिंतीत चव ओळखणाऱ्या रुचिकलिका बसलेल्या असतात. पट्टी बंद, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ भात. एवढ्यावर ते बरे झाले.

पट्टी तांब्याची घ्या नाहीतर स्टीलची, कड बोथट हवी. चरकसंहितेतही जीभ साफ करायची पट्टी धारदार नसावी असंच सांगितलं आहे. पण झटपट गुलाबी जीभ हवी असणाऱ्यांना धीर नसतो. पातळ पांढुरका थर निरोगी जिभेवरही असतो, तो राहू द्या. जिभेवरचे काही जिवाणू पालक-बिटातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. जीभ निर्जंतुक करायचा हट्ट मला म्हणूनच पटत नाही.

नुसत्या माऊथवॉशवर भागवू नका. थर जागेवरच राहतो, वास थोडा वेळ झाकला जातो. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेला तर मनाने महिनोन्‌महिने वापरूच नये, दात आणि जीभ तपकिरी पडतात.

नकाशासारखे लाल चट्टे जागा बदलत असतील तर तो मळ नव्हे. तिथले धाग्यासारखे अंकुर तात्पुरते झडलेले असतात. घासलंत तर नुसती आग होईल.

भेगाळलेल्या जिभेला पट्टी नको, मऊ ब्रश.

जीभ गुळगुळीत, लालबुंद दिसतेय? थर नाही म्हणून खूश होऊ नका. अंकुर झिजलेले असू शकतात. बी-१२ आणि लोह तपासून घ्या.

मिशेरीने घासणं म्हणजे सफाई नाही, तो तंबाखू आहे. आणि पुसून न निघणारा पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर घासून बघत बसू नका. मिशेरी, तंबाखू, गुटखा यांतलं काही चालू असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना तोंड उघडून दाखवा.