जवळची सरकारी प्राथमिक शाळा आपल्या मुलासाठी कशी पारखावी

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेविषयीचा निर्णय बहुतेक पालक त्या शाळेचे फाटक न ओलांडताच घेतात. कोणी ऐकीव गोष्टींवरून शाळा नाकारतो, तर कोणी रंगवलेल्या बोलक्या भिंतींचे छायाचित्र पाहून हरखतो. प्रत्यक्षात शाळा पारखायला तीन-चार सकाळी पुरतात. मात्र त्या जानेवारी ते मार्च या काळात काढाव्यात, कारण तेव्हा वर्षभराचे शिकवणे मुलांच्या वह्यांत उतरलेले असते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर गेल्यास नव्या पुस्तकांचा वास आणि स्वागताची फुले यांपलीकडे फारसे काही दिसत नाही.

आरंभ कागदावरून करावा. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असणे अपेक्षित आहे, म्हणून त्या टापूतील सगळ्या सरकारी शाळांची नावे लिहून काढावीत. प्रत्येक शाळेला यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातला अकरा अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून शाळेची माहिती यू-डायसच्या संकेतस्थळावर पाहता येते. तिथे पटसंख्या, शिक्षकसंख्या आणि शाळा कितवीपर्यंत आहे, एवढे आधी पाहावे. मागच्या दोन-तीन वर्षांचा पट मिळाला तर तोही टिपून ठेवावा, कारण पट सतत घसरत असेल तर त्याचे कारण पुढे विचारता येते. शाळा चौथीपर्यंतच असेल, तर पाचवीसाठी इथली मुले कुठे जातात, हेही याच वेळी समजून घ्यावे.

पटाचे गणित नीट समजले की अर्धी शाळा समजते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन आणि एक्याण्णव ते एकशे वीस मुलांना चार शिक्षक ठरवून दिले आहेत. याचा अर्थ असा की चाळीस पटाच्या चार इयत्तांच्या शाळेत प्रत्येक शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असणार. अशी द्विशिक्षकी शाळा ऐकूनच अनेक पालक मागे फिरतात. माझ्या मते ती घाई होते, कारण जाणता शिक्षक दुसरीच्या मुलाला पहिलीच्या मुलाशेजारी बसवून दोघांचाही फायदा करून देतो. पाहायचे ते हे, की शिक्षक एका इयत्तेला शिकवत असताना दुसरी इयत्ता काय करते: तिच्यापुढे हाताळायला काड्या, मणी, शब्दपट्ट्या आहेत, की ती नुसती हाताची घडी घालून बसली आहे.

शिक्षकांबद्दल आणखी दोन प्रश्न मुख्याध्यापकांना अवश्य विचारावेत. पहिला प्रश्न, पहिलीचा वर्ग पुढल्या वर्षी कोणाकडे असेल आणि त्या बाई किंवा गुरुजी इथे किती वर्षे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत बदल्या होतात, आणि ज्यांच्या नावावर शाळेची ख्याती उभी आहे ते जूनमध्ये दुसऱ्या तालुक्यात रुजू झालेले असू शकतात. दुसरा प्रश्न, गेल्या सहामाहीत शिक्षक इतर कामांवर किती दिवस बाहेर होते. कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात, पण तेवढ्यानेही दोन शिक्षकांची शाळा कधी कधी एकावर येते. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, असे कायदा सांगतो. त्यांपैकी आपल्या मुलाचे शिक्षक प्रत्यक्ष वर्गात किती दिवस असतील, हा आपला प्रश्न असतो.

आता शाळेत जावे. मुख्याध्यापकांची आधी परवानगी घ्यावी आणि मंगळवार किंवा बुधवारसारखा साधा दिवस निवडावा. सव्वीस जानेवारी किंवा स्नेहसंमेलन हे शाळा पाहण्याचे दिवस नव्हेत, आणि शनिवारी सकाळची शाळा लवकर सुटते. परिपाठाच्या आधी पोहोचावे. परिपाठात सुविचार, बातम्या, गोष्ट सांगायला तीच तीन-चार हुशार मुले पुढे येतात, की मागे उभे असलेले लाजरे मूलही अडखळत का होईना बोलते, हे दहा मिनिटांत कळते.

वर्गात गेल्यावर भिंतींवरून नजर काढून वह्यांवर न्यावी. चार-पाच मुलांच्या मराठीच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर प्रत्येकीत तेच निबंधाचे वाक्य, त्याच चुकीसह, दिसले तर ते फळ्यावरून उतरवलेले आहे. प्रत्येक मुलाचे वाक्य वेगळे, थोडे वेडेवाकडे आणि शिक्षकांनी एखादा शब्द दुरुस्त केलेले असेल, तर तिथे लिहिणे शिकवले जाते. पानोपान नुसती लाल बरोबरची खूण फारसे काही सांगत नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकांचीही हीच परीक्षा आहे: कोपरे दुमडलेली, डिंकाने चिकटवलेली पुस्तके वाचलेली असतात, आणि कोरी करकरीत पुस्तके बहुधा कुलूपबंद कपाटातच राहिलेली असतात.

सगळ्यांत महत्त्वाचे पाऊल वाचनाचे आहे, आणि त्यासाठी घाई करू नये. तिसरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. म्हणून शिक्षकांच्या संमतीने तिसरीच्या दोन-तीन मुलांजवळ बसावे आणि सोबत नेलेल्या बालमासिकातला एक सोपा परिच्छेद मिळून वाचावा. पाठ्यपुस्तकातला धडा घेऊ नये, तो पाठ असतो. मुले शिक्षकांनी निवडून दिलेली नसावीत. खिडकीजवळच्या रांगेतली घेतली तरी चालतात. आपण तपासनीस नाही, पाहुणे आहोत, हे लक्षात ठेवून ‘मला ही गोष्ट वाचून दाखवशील का?’ असे विचारावे, आणि मूल अडले तर शब्द सांगून टाकावा. जोडाक्षरावर अडखळणे साहजिक आहे. पण वाचून झाल्यावर ‘मग त्या शेळीचं काय झालं?’ या प्रश्नाला मूल आपल्या शब्दांत उत्तर देते का, याकडे कान द्यावा. गणितासाठी बेचाळीसमधून सतरा वजा करायला सांगावे, आणि तेच गणित दहा-दहाच्या नोटा व सुट्ट्या रुपयांत करून दाखवायला सांगावे. कागदावर बरोबर उत्तर काढणारे मूल नोटा समोर आल्यावर गोंधळले, तर त्याला रीत शिकवली गेली आहे, संख्या शिकवलेली नाही.

या वेळी अडलेल्या मुलाकडे शिक्षक कसे पाहतात, हे मला त्या मुलाच्या उत्तरापेक्षा अधिक मोलाचे वाटते. ‘हा असाच आहे’ असे मुलासमोर म्हणणारे आणि ‘हा डिसेंबरपर्यंत अक्षरं जुळवत होता, आता वाक्यावर आलाय’ असे सांगणारे, हे दोन शिक्षक एकाच पगाराचे असतात, पण आपल्या मुलाची पुढची चार वर्षे त्यांच्यामुळे पार वेगळी जातात. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला कायद्याने बंदी आहे. तरी वर्गात छडी दिसते का, आणि मोठा आवाज झाल्यावर मुले दचकतात का, हे डोळ्यांनीच पाहावे.

मधल्या सुट्टीपर्यंत थांबावे. मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे कायद्याने सक्तीची आहेत, पण त्यांत पाणी आहे का, मुलींच्या दाराला आतून कडी आहे का आणि कुलूप घालून किल्ली कार्यालयात ठेवलेली नाही ना, हे त्याच वेळी कळते. पोषण आहारातून प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. खिचडीत डाळ दिसते की नुसता पिवळा भात, आणि वाढण्यापूर्वी मोठ्यांनी चव घेतल्याची नोंद होते का, एवढे पाहिले तरी पुरे.

शाळा सुटताना फाटकापाशी थांबलेल्या आयांशी बोलावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि तीत काय ठरले, हे एखाद्या पालक सदस्याला सांगता आले, तर समिती जिवंत आहे. ‘शिक्षकांची स्वतःची मुले कुठे शिकतात?’ हा लोकप्रिय प्रश्न मात्र मी विचारत नाही. त्याच्या उत्तरातून शिक्षकाच्या घराची परिस्थिती कळते, वर्गाची नव्हे.

सेमी इंग्रजीची पाटी पाहून भुलू नये. मराठी माध्यमातही इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, आणि गणित इंग्रजीतून शिकवणाऱ्या शिक्षकाला ते सफाईने बोलता येत नसेल, तर मूल गणितालाही मुकते. तो तास प्रत्यक्ष ऐकावा आणि मगच ठरवावे. प्रवेशासाठी देणगी किंवा मुलाची चाचणी मागितली गेल्यास ते बेकायदा आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

घरी आल्यावर टिपणाचे दोन भाग करावेत. गळके छप्पर, पडकी कुंपणभिंत, बंद नळ ही कामे समितीकडे आणि ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे पाठपुरावा करून होऊ शकतात, म्हणून ती एका बाजूला. शिक्षकांची कमतरता, वर्गातली भीती आणि तिसरीत न येणारे वाचन दुसऱ्या बाजूला लिहावे, कारण ही दुखणी एकटा पालक एका वर्षात बरी करू शकत नाही. दुसरी बाजू कोरी राहिली असेल, तर पहिली बाजू कितीही लांब असली तरी मी तिथे नाव घालेन. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा असेल तेव्हा मुलालाही घेऊन जावे आणि जुलैच्या एखाद्या भर पावसाच्या दिवशी पुन्हा एकदा वर्गात डोकावून यावे.