लेकराला फल्लीदाण्याची ॲलर्जी: आईच्या डोक्यातली धास्ती कशी हलकी करायची

लेकराला फल्लीदाण्याची, म्हणजे शेंगदाण्याची, ॲलर्जी आहे हे कळलं की पहिले काही महिने आईची झोप जाते. भीती तर असतेच, पण घरात ही गोष्ट नीट ठाऊक असलेलं माणूस एकच असतं आणि ते चोवीस तास ड्युटीवर असतं, हे त्याहून थकवणारं. म्हणून खालची बरीच कामं मन शांत करण्याची नाहीत. डोक्यातली माहिती कागदावर आणि दुसऱ्यांच्या हातात उतरवण्याची आहेत. ॲलर्जी दुधाची, अंड्याची किंवा काजूची असली तरी पद्धत हीच.

भीतीचं माप घ्या

अंदाजाची भीती खऱ्या ॲलर्जीपेक्षा मोठी होत जाते. रक्ताच्या तपासणीत आयजीई (ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) वाढलेलं दिसलं म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणारच, असं नाही. पन्नास-शंभर पदार्थांचं पॅनेल करून आलेल्या कागदावरून अर्धं स्वयंपाकघर बंद करणाऱ्या घरांत लेकरू वाळतं आणि आईही. ॲलर्जीच्या डॉक्टरांना तीनच प्रश्न लिहून न्या: नक्की कोणता पदार्थ बंद? दवाखान्यात देखरेखीखाली थोडं थोडं खाऊ घालून करायची चाचणी लागेल का? पुन्हा तपासणी कधी? दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची मोठं होताना जाते. दाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच जाते.

अपराधीपणाचाही हिशोब इथेच मिटवा. "गरोदरपणी दाण्याचे लाडू खाल्ले म्हणून झालं" हे वाक्य कोणीतरी ऐकवतंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली जोखमीच्या घरांतल्या आयांना दाणे टाळायचा सल्ला दिला आणि पुरावा नाही म्हणून 2008 मध्ये तो मागे घेतला. 2015 च्या लीप अभ्यासात तर ज्या जोखमीच्या बाळांना दाणे लवकर सुरू केले, त्यांच्यात ही ॲलर्जी कमी आढळली. लाडू निर्दोष आहेत. मात्र तो अभ्यास ॲलर्जी होऊ नये यासाठीचा आहे. झालेल्या लेकराला घरी "थोडं चाटवून बघू" म्हणणं जिवावर बेतेल.

एक कागद, एक डबा

ए-फोर कागदावर वर लेकराचा फोटो, नाव, वजन. खाली ठळक अक्षरांत तीन शब्द: फल्लीदाणे, शेंगदाणे, मूंगफली. तिन्ही लागतात, कारण नागपुरात व्हॅनवाले काका फल्ली म्हणतात, शाळेतल्या मॅडम शेंगदाणे आणि चिवड्याचा दुकानदार मूंगफली. मग डॉक्टरांकडून भरून घ्यायचा मजकूर: आवाज बसणं, दम लागणं, खोकला न थांबणं, एकदम गळून जाणं किंवा अंगावर गांधी उठून सोबत उलट्या, यातलं काहीही दिसलं की आधी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी. लेकराला आडवं करून पाय उंच. दम लागत असेल तर बसतं ठेवायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. मग 108. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरा डोस. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खाजेचं सिरप पाजून वाट बघणं. सिरपने खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही.

ॲड्रेनालिन भरलेलं तयार पेन (मांडीला दाबलं की इंजेक्शन बसतं) आपल्याकडे सहज मिळत नाही; मिळालं नाही तर डॉक्टरांकडून ॲम्प्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंजचं प्रशिक्षण घ्या, आणि घरातल्या दोघांनी घ्या. डोस वजनावर ठरतो, म्हणून दर सहा महिन्यांनी वजन करून कागद नवा. कागद आणि औषध एकाच डब्यात ठेवा. औषध फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत तर नाहीच. 45 अंशांत उभ्या गाडीत ते खराब होतं. पिवळं-तपकिरी दिसलं की बदला.

दुसरं माणूस तयार करा

रविवारी दहा मिनिटं रंगीत तालीम करा. बाबांनी सरावाचं पेन मांडीला लावायचं, आजीने 108 ला काय सांगायचं ते मोठ्याने म्हणायचं: पत्ता, जवळची खूण, "ॲलर्जीमुळे श्वास अडकलाय". पहिल्या वेळी सगळ्यांना हसू येतं, येऊ द्या. नंतर संध्याकाळी सातच्या गर्दीत एकदा दवाखान्यापर्यंत गाडी नेऊन वेळ मोजा. नागपुरात असाल तर महाल-इतवारीकडून मेयो, हनुमाननगर-अजनीकडून मेडिकल, मिहानकडून एम्स, किंवा रात्रीही मुलांना बघणारं जवळचं रुग्णालय.

मग खरी परीक्षा आईची. दोन तास घराबाहेर जायचं आणि फोन करायचा नाही. पहिला अर्धा तास जड जातो, पोट आवळतं. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे दहा. दीड-पावणेदोन मिनिटं लागतात. दर आठवड्याला हे केलं की चौथ्या-पाचव्या वेळी आवळणं कमी होतं. मधेच फोन केला तर मनाला एवढंच कळतं की फोन केला म्हणून सगळं ठीक राहिलं.

रोज काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

पाकिटावरचं लेबल तीनदा वाचा: दुकानात, घरी डब्यात भरताना, ताटात वाढण्याआधी. चौथ्यांदा नाही. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे शेंगदाणे, दूध, अंडं, सोयाबीन वगैरेंची नोंद पाकिटावर करावी लागते. तीळ त्या यादीत नाहीत, म्हणून तिळाची ॲलर्जी असेल तर घटकांची पूर्ण ओळ वाचावी लागेल. सुट्या फरसाणाला लेबलच नसतं आणि डाव सगळ्या डब्यांत एकच फिरतो. ते बंदच. हल्ली लाकडी घाण्याचं फल्लीतेल कौतुकाने भेट मिळतं; रिफाइंड तेलात दाण्याचं प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं.

काही भीती मात्र सोडून देण्यासारखी आहे. धोका तोंडावाटे आहे. शेजारच्या घरी दाणे भाजल्याच्या वासाने सहसा मोठी रिॲक्शन येत नाही. हात लागला तर साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझरने दाण्याचं प्रथिन जात नाही.

उरलेल्या काळजीला रोज पंधरा मिनिटं द्या, झोपायच्या वेळी नाही, दुपारी चारच्या चहाला. वहीत दोन रकाने: "यावर काम आहे" आणि "यावर काम नाही". "सहलीला डबा कोण बघेल" पहिल्यात जातं आणि समोर मॅडमना फोन करायची तारीख पडते. "कॉलेजात गेल्यावर काय होईल" दुसऱ्यात. रात्री दोनला तोच विचार आला तर उत्तर ठरलेलं: वहीत आहे, उद्या चारला.

"एका दाण्यानं काय होते बापा?"

नातेवाइकांशी वाद घालून आई जितकी थकते तितकी स्वयंपाकाने थकत नाही. समजावण्याऐवजी एकच वाक्य पाठ ठेवा आणि तेच, त्याच आवाजात पुन्हा म्हणा: "काकू, एका दाण्यानंच दवाखान्यात न्यावं लागते. डॉक्टरनं लिहून देल्लं आहे." पुरावे सांगत बसलात की चर्चा सुरू होते. तर्री पोह्याच्या ठेल्यावर "दाणे वेचून देतो ना ताई" म्हणतात तेव्हा लक्षात ठेवा, वेचलेल्या दाण्याचा चुरा पोह्यात आणि झाऱ्यावर राहतोच. सासूबाईंना मात्र नकार देऊ नका, काम द्या. दाण्याच्या कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी खोबऱ्यात कशी जमवायची, हे त्यांच्याकडे सोपवलं की पहारेकरी एक वाढतो.

लेकरासमोर "खाल्लंस तर मरशील" म्हणू नका. चार-पाच वर्षांचं लेकरू "यात फल्ली आहे का?" एवढं विचारायला शिकतं, बाहुल्यांना जेवू घालताना सराव करून घ्या.

सणाचे दिवस

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरताना मिळालेला खाऊ तोंड बांधलेल्या पिशवीत जातो आणि घरी अदलाबदल होते: पिशवी आईकडे, बदल्यात ठरलेला डबा. भुलाबाईत अडचण वेगळी, खाऊ झाकलेला असतो आणि ओळखणं हाच खेळ. ज्या घरी त्या दिवशी भुलाबाई आहेत त्यांना दोन दिवस आधी फक्त "दाणे आहेत का" विचारा, पदार्थाचं नाव विचारू नका. नाहीतर लेकीची मजा जाते. दाणे असतील तर तिच्या हातात डबा द्या. डबा हलवून आवाज ऐकवणारी ती, ओळखणाऱ्या बाकीच्या. तिचा खाऊ तुमच्या पिशवीत.

रिॲक्शन येऊन गेल्यावर

इंजेक्शनने बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबावं लागतं, कारण पुन्हा काही न खाताही लक्षणं उलटून येऊ शकतात. त्याच रात्री पाच ओळी लिहा: किती वाजता, काय खाल्लं, पहिलं लक्षण कोणतं, इंजेक्शन कधी, कशाने उतार पडला. कागद डॉक्टरांच्या फाइलला लावा, म्हणजे मनात तीच रीळ फिरवून जपून ठेवावी लागत नाही. वापरलेलं औषध लगेच भरून आणा. "कोणी दिलं?" हा प्रश्न तीन दिवस नको, "कुठून आलं?" पुरतो. पुढचं जेवण ओळखीचं, साधा वरणभात.

दोन आठवड्यांनंतरही झोप नसेल, रात्रीत चार-चारदा उठून लेकराचा श्वास बघावा लागत असेल, शाळेत पाठवणं जमत नसेल किंवा डॉक्टरांनी न सांगितलेले पदार्थ एकेक करून बंद होत असतील, तर समुपदेशक गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ॲलर्जीची सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "किती दिवस झोप नाही" इथून सुरुवात केली तरी चालते.